एथ-झिरोची जागा

माझ्या मुलीचा आवाज आमच्या कॉम्प्युटरमध्ये राहिला होता, आणि तो माझ्याच हातून बंद पडला. मुद्दाम नाही. पण त्या दिवसांत आमच्या घरात मुद्दाम आणि चुकून यांतला फरक ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. घरात म्हणजे मी आणि बायको, दोघंच.

मी स्टील प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला उभं आयुष्य काढलं. भट्टीचं तापमान, गॅसचा दाब, पाण्याचा प्रवाह, जे जे मोजता येतं ते नीट मोजलं जातंय की नाही एवढंच पाहायचं काम. त्या कामाने माणूस नाकासमोर चालणारा होतो आणि घरच्यांना त्याचा जाच होतो. आमच्याकडे सिलिंडरवर तो लावल्याची तारीख, मिक्सरच्या प्लगवर ‘मिक्सर’, मोडेमच्या वायरवर ‘मोडेम’ अशा चिठ्ठ्या मी चिकटवलेल्या. मुलगी म्हणायची, बाबा एक दिवस आईच्या कपाळावर ‘आई’ लिहून ठेवणार.

कॉम्प्युटर तिचाच. कॉलेजात असताना तिने सुटे भाग आणून तो प्लांटच्या क्वार्टरमध्ये जोडला आणि त्यात विंडोज न टाकता लिनक्स टाकलं. मी निवृत्त झाल्यावर आम्ही दुर्गजवळ जुनवानीला घर बांधून आलो तेव्हा तोही सामानाबरोबर आला. ती नोकरीला पुण्याला गेली, तो इथेच राहिला. काळ्या पडद्यावर हुकूम लिहून कामं कशी करायची ते तिने मला शिकवलं. मी एका डायरीत सगळं उतरवून घेतलं आणि एकेक हुकूम इतक्या वेळा विचारला की ती वैतागली. नंतर मला ते आवडायला लागलं. काळा पडदा खोटं बोलत नाही, आपण जे विचारतो त्याचं उत्तर देतो आणि गप्प बसतो. तशी माणसं मला फार कमी भेटली.

दर रविवारी सकाळी ती व्हिडिओवर बोलायची. मोबाइलवर बोलणं तिच्या आईला मान्य नव्हतं. एवढुशा काचेत पोरगी वाळल्यासारखी दिसते, ती खरंच वाळली की काच लहान आहे ते कळत नाही, हे तिचं म्हणणं. म्हणून मोठा पडदा. आणि आमच्या गल्लीतलं नेट नेमकं रविवारी सकाळी जायचं. खांबावरच्या डब्यातली वीज गेली की नेटच्या वायरीतली जान जायची. घरात इन्व्हर्टर असल्यामुळे कॉम्प्युटर चालू, पण नेट नाही. बायको कंटाळून भाजी निवडायला जायची, मी गेटशी. नेट परत आलेलं आम्हाला कळायचंच नाही, आणि तिकडे पोरगी ताटकळत बसलेली. मग फोन यायचा, बाबा, नेट आलं काय पाहा ना. मी पाहून यायचो. दहा मिनिटांनी परत फोन. एकदा मी चिडून म्हणालो की मी काय तुझ्या नेटचा चौकीदार आहे का.

त्या दिवाळीला ती आली तेव्हा एका दुपारी कॉम्प्युटरसमोर बसली, पुटपुटत काहीतरी लिहिलं, मोबाइल तोंडाशी धरून काहीतरी बोलली आणि मला म्हणाली, वायर काढा अन् परत लावा. मी नेटची वायर काढली, परत लावली. दोन-चार सेकंद गेले आणि स्पीकरमधून तिचाच आवाज आला: “आई, नेट आलं वं. ये लवकर, मी बसून राहिली.”

मला इतका अभिमान वाटला. प्लांटमध्ये कुठे काही घडलं की पॅनलवर दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. मी म्हणालो, तू तर भोंगा बसवला. ती म्हणाली, बाबा, माझ्या आवाजाले भोंगा म्हणता काय. बायको हसत होती. त्या दुपारी मी ती वायर सहा-सात वेळा तरी काढून लावली असेल.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. डेंग्यू. पुण्याला, पाच दिवसांत. दवाखान्यात भरती केल्याचा फोन आला आणि आम्ही मिळेल त्या गाडीने दुर्गहून निघालो. भुसावळच्या अलीकडे दुसरा फोन आला. त्यापुढचा प्रवास कसा झाला ते मला सांगता येत नाही, कारण तो मला आठवत नाही.

सगळं तिकडेच उरकून आम्ही परत आलो तेव्हा बरोबर नागपूरचे नातेवाईक होते. मी कुलूप उघडलं. इतके दिवस घर बंद, म्हणून मेन स्विच पाडून गेलो होतो, तो वर केला. वीज मिळाली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा, ती सोयही तिनेच केलेली. लोक चपला काढत होते. कोणी पाण्याची बादली शोधत होतं. आणि आतल्या खोलीतून आवाज आला: “आई, नेट आलं वं. ये लवकर, मी बसून राहिली.”

बायको दारात होती. “आली वं, आली,” म्हणत ती धावली. खोलीच्या उंबऱ्यावर थांबली आणि तिथेच खाली बसली. तिच्या थोरल्या बहिणीने तिला धरलं. मी तसाच मेन स्विचजवळ उभा होतो, हात वर, आणि तो पुन्हा खाली ओढावा की नाही ते मला कळत नव्हतं.

त्यानंतर दिवसातून दोनदा, तीनदा, वीज जशी खेळेल तसा तो आवाज यायचा. मला तो सहन व्हायचा नाही. हे मी आज सरळ लिहितो, तेव्हा कोणाला म्हटलं नव्हतं. मी स्पीकरचा प्लग काढला. दुपारी पाहतो तर लावलेला. मी पुन्हा काढला, संध्याकाळी पुन्हा लावलेला. एक शब्द न बोलता आमचं हे तीन दिवस चाललं, आणि मग मी हरलो. ती स्वयंपाकघरात असली तर आतूनच उत्तर द्यायची, हो वं माय, आलं. पोळी लाटता लाटता, अगदी साध्या आवाजात. मग पुढची पोळी लाटायची. आवाज आला की मी चपला घालून गेटशी जाऊन उभा राहायचो. तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

आता राशन कार्डाचं सांगायला हवं, कारण खरं भांडण त्याचं आहे.

प्लांटमध्ये प्रत्येक उपकरणाला नंबर असतो, टॅग. एखादं उपकरण कायमचं काढलं की त्याच दिवशी रजिस्टरमधून त्याचा टॅग खोडायचा, लाल शाईने, तारीख टाकून, सही करून. हा नियम मी हाताखालच्या पोरांना ओरडून ओरडून शिकवला. कारण उपकरण नाही आणि टॅग आहे, अशी अवस्था वाईट. रात्रपाळीचा माणूस कागद पाहून समजतो की तिथे काहीतरी आहे, आणि त्याच्या भरवशावर वागतो. नसलेल्यावर भरवसा ठेवू नये. हे माझ्या हाडात मुरलेलं.

तेरवीनंतर चार-सहा दिवसांनी राशन दुकानावर सूचना लागली की कार्डावरच्या सगळ्यांनी येऊन अंगठा लावून केवायसी करावी. आम्ही त्या कार्डावर तांदूळ उचलत नव्हतो, पत्त्याचा पुरावा म्हणून ते कपाटात असायचं. कार्डावर तीन नावं. मी मृत्यूचा दाखला घेतला, दुर्गच्या कचेरीत गेलो, अर्ज भरला आणि नाव कमी करून आलो. एका फेरीत काम झालं. मला, लिहायला लाज वाटते, पण मला काम नीट झाल्याचं समाधानही वाटलं.

नवीन कार्ड बायकोच्या हाती पडलं ते महिन्याभराने, गॅसच्या पुस्तकाखाली. तिने ते वाचलं. मग माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. “तुमाले कायची एवढी घाई झाली होती?” एवढंच म्हणाली. मी नियम सांगायला लागलो. केवायसी, अंगठा, उद्या कार्डच रद्द झालं असतं. ती शांतपणे ऐकत होती आणि मला वाटलं पटतंय. पटत नव्हतं. त्या दिवसापासून ती माझ्याशी मीठ-मिरचीपुरतं बोलायला लागली. चहा ठेवला. गोळी घेतली का. दूधवाला येऊन गेला. बस्स. बायको रागावते, दोन दिवस तोंड फुगवते, ते मला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. ती माझ्यावर रागावलेली नव्हती, तिने मला सोडून दिलं होतं. त्याच घरात, त्याच ताटात वाढून. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि ती बोलली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी आभाळ भरून आलं आणि खांबाजवळ वीज कडाडली. गल्लीतल्या तीन घरांचे मोडेम जळाले. आमचा मोडेम जळाला, आणि वायरीतून झटका येऊन कॉम्प्युटरमधलं नेटचं कार्डही गेलं. कॉम्प्युटर उघडला तर कार्डावर काळा डाग आणि वास. बाकी सगळं शाबूत. मी दुर्गला जाऊन जुन्या बाजारातल्या एका दुकानातून तसलंच कार्ड आणलं आणि त्याच खाचेत बसवलं. वर ‘नवीन’ अशी चिठ्ठी चिकटवली. जुनं भंगाराच्या डब्यात टाकलं. दोन दिवसांनी केबलवाल्याने मोडेम दिला. वायर लावली, हिरवा दिवा लागला, नेट सुरू झालं.

आवाज आला नाही.

मला लगेच लक्षात आलं नाही, खरं सांगतो. मी तर आवाज यायच्या आधीच सवयीने चपला घातल्या होत्या. गेटशी उभा राहिलो, परत आलो, बातम्या पाहिल्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मोडेमच्या दिव्याकडे पाहिलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली, आली, तरी काही नाही. मी पेपर वाचत होतो. ती येऊन समोर उभी राहिली, आणि इतक्या महिन्यांनी पहिला पुरा प्रश्न तिने मला विचारला.

“तिचा आवाज कावून नाही येऊन राहिला?”

मी म्हणालो पाहतो. तिने तिथेच उभं राहून विचारलं, “तुमी बंद केला काय?” मी नाही म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझा स्वतःवरचा विश्वास उडाला. स्पीकरचा प्लग कोणी काढला होता? नाव कोणी खोडलं होतं? मग हेही मीच. ताक फुंकून पिणारी झाली होती ती माझ्या बाबतीत, आणि दुधाने मीच भाजलं होतं. मला त्या क्षणी कळलं की हा आवाज परत आला नाही तर ही बाई माझ्याशी मरेपर्यंत बोलणार नाही. मला आवाज नको होता. पण मला ती हवी होती.

बिघाड शोधायची आमची शिस्त असते. सुरुवात पुरवठ्यापासून, मग एकेक टप्पा पुढे, आणि मध्येच उडी मारायची नाही. पण शिस्त माणसाच्या मनाला लावता येत नाही. मी स्पीकर तपासला, गाणं लावलं, वाजलं. रेकॉर्डिंगची फाइल जागेवर आहे का पाहिली, होती. ती वाजवून पाहणं हा पुढचा टप्पा. मी तो सोडला. बायको मागून म्हणाली, “तुमी लावून ऐकवू नका. तिचं तिले येऊ द्या.” म्हणजे तिलाही कळत होतं की बटण दाबून तो आवाज केव्हाही ऐकता येतो. तिला तसा नको होता. मुलीने हाक मारावी आणि आपण ओ द्यावी, असा हवा होता.

पहिला दिवस त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डायरी काढली आणि काळ्या पडद्यावर विचारलं की नेटची कार्डं कोणकोणती आहेत. उत्तर आलं: एथ-वन.

मी चक्रावलो. लिनक्स नेटच्या कार्डांना नाव देतो, पहिल्याला एथ-झिरो, दुसऱ्याला एथ-वन. मोजणी शून्यापासून, हे मुलीने शिकवलेलं. आमच्यात कार्ड एकच. मग याचं नाव एथ-झिरो हवं. एकुलत्या एक कार्डाला दुसरा नंबर कावून? मी बंद करून चालू केलं, पुन्हा एथ-वन. कार्ड काढून पुसून बसवलं, एथ-वन. मला वाटलं दुकानदाराने मला गंडवलं. दोन शिव्या त्याच्या नावाने दिल्या, ज्या मी अजून परत घेतलेल्या नाहीत.

मग नेटवर शोधलं. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण मी चिवट आहे. कळलं ते असं. कॉम्प्युटर प्रत्येक कार्डाची ओळख एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. प्रत्येक कार्डावर कारखान्यातूनच एक लांबलचक नंबर आलेला असतो, कोणत्याही दोन कार्डांचा सारखा नसतो. त्या नंबरापुढे तो नाव लिहितो, आणि ते नाव त्या कार्डासाठी राखून ठेवतो. कार्ड काढलं, जळालं, फेकलं, तरी ती ओळ तशीच राहते. कोणी हाताने खोडेपर्यंत. नवीन कार्ड आलं की त्याला पुढचं नाव मिळतं, कारण पहिलं नाव दिलेलं आहे.

मी ती फाइल उघडली. दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत जळालेल्या कार्डाचा नंबर आणि एथ-झिरो. खालच्या ओळीत नवीन कार्डाचा नंबर आणि एथ-वन. मुलीने लिहिलेला प्रोग्राम एथ-झिरो जागं व्हायची वाट पाहत होता. एथ-झिरो भंगाराच्या डब्यात होतं.

उपायही लिहिलेला होता. सगळ्यांनी एकच सांगितलेला. जुनी ओळ खोडा, बंद करून चालू करा, नव्या कार्डाला एथ-झिरो मिळेल, काम फत्ते. प्लांटच्या रजिस्टरसारखाच नियम. उपकरण नाही तर टॅग नाही. मी वरच्या ओळीवर गेलो. ओळ खोडायला डायरीतला हुकूम पाहायचीही गरज नव्हती, तो मला पाठ होता. आणि माझा हात पुढे जाईना. मी काय मूर्खपणा आहे म्हणून स्वतःला झापलं. ते पत्र्याचं आणि तांब्याचं कार्ड होतं, ते काय माझं कोणी लागत होतं? तरी हात पुढे जाईना.

बायको मागे येऊन उभी होती, मला कळलं नाही. पडदा काळा, अक्षरं इंग्रजी, पण ती बँकेच्या कागदापासून पोस्टाच्या पाकिटापर्यंत सगळं वाचून काढणारी बाई. तिने विचारलं की हे काय लिहिलं आहे. मी सांगितलं. वरची ओळ जळालेल्या कार्डाची, खालची नव्याची. जुनं नाही, तरी त्याची जागा यानं ठेवली आहे. ही वरची खोडली की आवाज येईल.

ती हळू म्हणाली, “इथूनबी खोडून राहिले काय तिले?”

मी उठलो नाही, वळलोही नाही. तोंड पडद्याकडेच होतं म्हणून मला बोलता आलं. मी म्हणालो, “मले ते तीन नावं पाहवत नव्हते वं. कपाट उघडलं का ते कार्ड दिसे, अन् वाटे, येते दिवाळीले. रोज वाटे. म्हणून खोडलं. केवायसी-फेवायसी काही नाही, दुकानदारानं मले महिना दिला होता. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. वाटलं, नाव नसलं का वाट पाहणं सुटन.”

“सुटलं काय?”

“नाही.”

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही की डोकं टेकलं नाही. ती स्टूल ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, दुसरा काही रस्ता असन तर पाहा. माझ्या शेजारी ती इतक्या महिन्यांत बसली नव्हती.

दुसरा रस्ता होता, आणि तो मला दोन दिवस दिसला नव्हता, कारण मी कॉम्प्युटरच्या फायली उलथून पाहिल्या, पोरीचीच फाइल उघडली नाही. ती उघडायला मी घाबरत होतो. बायको बाजूला होती म्हणून उघडली. सात-आठ ओळी. मधल्या ओळीत एथ-झिरो. आणि त्याच्या डोक्यावर, कॉम्प्युटर वाचत नाही अशी, माणसांसाठी लिहिलेली एक ओळ. इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या बोलीत. मी ती बायकोला वाचून दाखवली.

“बाबा, कार्ड बदललं तर फक्त इथला शून्य बदला. बाकी कशाले हात लावायचा नाही.”

बायको हसली. तोंडावर पदर धरून हसली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मीही काही वेळ पडद्याकडे पाहू शकलो नाही. मुलीने आपल्या बापाला पुरतं ओळखलं होतं. हा माणूस एक स्क्रू काढायला बसला की दहा काढतो, हे तिला लहानपणापासून माहीत. तिने मला शिकवायला नको तिथेही शिकवून ठेवलं होतं, आणि मी ते वाचलं कधी, तर ती गेल्यावर.

मी शून्याच्या जागी एक लिहिला. बाकी कशाला हात लावला नाही. दुसऱ्या फाइलमधली जुन्या कार्डाची ओळ जशी होती तशी ठेवली. मग नेटची वायर काढली, आणि बायकोकडे पाहिलं, आणि लावली.

“आई, नेट आलं वं. ये लवकर, मी बसून राहिली.”

“हो वं माय,” बायको म्हणाली, “इथंच बसलो दोघं.”

मी गेटशी गेलो नाही. मी तो आवाज पहिल्यांदा पुरता ऐकला, मधल्या श्वासासकट, आणि शेवटी ती किंचित हसते आहे तेही. मला वाटलं होतं ऐकवणार नाही. ऐकवलं नाहीच, पण बसून राहिलो.

संध्याकाळी चहा देताना बायकोने विचारलं, राशन कार्डावर तिचं नाव परत चढवता येईल का. मी म्हणालो असं होत नाही. त्यासाठी अर्जच नसतो. मृत्यूचा दाखला लागलेला आहे, एकदा कमी झालेलं नाव कसं चढवणार, कोणीही हसेल. बोलता बोलता माझाच आवाज मला ऐकू आला आणि मी थांबलो.

“माहीत हाये मले,” ती म्हणाली. “तरी विचारून या.”

मी दुसऱ्या दिवशी दुर्गला गेलो. नियमाप्रमाणे सगळे कागद घेतले, कार्ड, आधार, मृत्यूचा दाखला, वरच्या खिशात घडी करून. कचेरीत रांग होती. माझ्या पुढे एक जण नातवाचं नाव चढवायला आला होता, त्याने मला पेढा दिला. खिडकीपाशी एक बाई होत्या, कामात हुशार, बोलायला गोड. मी म्हणालो, “मैडम, बेटी का नाम वापस जुड़वाना है.” त्यांनी नंबर टाकला, पडद्यावर पाहिलं आणि त्यांना वाटलं असेल की लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी परत आली. अशी प्रकरणं येत असतील. त्यांनी चेहरा जरा मऊ केला.

“कोई बात नहीं, अंकल. जुड़ जाएगा. बेटी को साथ ले आइए, बस. उसका अंगूठा लगेगा.”

दाखला माझ्या खिशात होता. तो काढून दाखवायचा होता, म्हणायचं होतं की मैडम, पडद्यावर खाली पाहा, नाव का कमी केलं ते लिहिलेलं आहे. आयुष्यभर चुकीचं रीडिंग दिसलं की मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. मी दाखला काढला नाही. मी म्हणालो, ठीक है. त्यांनी खिडकीतून कोरा फॉर्म दिला आणि म्हणाल्या, सोमवार ते शुक्रवार कधीही आणा, अकरा ते चार. मी धन्यवाद म्हणालो आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.

घरी पोचलो तेव्हा बायको गेटशीच होती. फॉर्म माझ्या हातात होता. तिने विचारलं, काय म्हणाले.

“तिले घेऊन या म्हणाले.”

तिने माझा हात धरला, तिथेच, भर रस्त्यावर, शेजारी पाहत असताना, आणि आम्ही रडलो. भुसावळला नाही, दवाखान्यात नाही, तेरवीला नाही. दोघं मिळून रडलो ते त्या दिवशी पहिल्यांदा.